इथल्या इथे

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईला आला, तिनं दाखवला. "पोचले." एकच शब्द होता, पण तो आल्यावरच मी आडवा झालो. परवा रात्रीचं फोनवर बोलायला जमणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस. म्हणून लिहायला बसलोय. हेल्मेटचा विषय काढायचा नाही, असं आईनं कबूल करून घेतलंय.

वाकडला तुझी बंगळुरूची बस सुटली, आम्ही घरी आलो, चपला काढताना चपलांच्या कपाटावर ते निळं दिसलं. बॅगेत मावलं नसेल. मुद्दाम ठेवलंस असं मी म्हणत नाही. पण सई, त्या संध्याकाळी दादाचंही तिथंच होतं, त्याच कोपऱ्यात, किल्ल्यांच्या वाटीशेजारी. आईनं न बोलता ते उचललं आणि आत नेलं.

बघ, काढायचा नाही म्हटलं आणि काढलाच. आता खोडत नाही.

परवा तू म्हणालीस, "दादाच्या नावानं तुम्ही रस्त्यावरच्या कुणाच्याही हेल्मेटचा पट्टा नीट बसवून देता. त्या एकवीस जणांमध्ये मी बाविसावी, एवढंच." मी ओरडलो. तुला काय कळतंय, असंही म्हणालो. ते बोलायला नको होतं. तू गेल्यावर मी जुन्या डायऱ्या काढून बसलो. ३ ऑगस्ट, तुझा वाढदिवस. २०१६ पासूनच्या प्रत्येक ३ ऑगस्टला माझ्या अक्षरात काय आहे? हेल्मेटचे खोके किती आले, मापं कोणती, पैसे किती दिले. तुझा पंधरावा आहे, अठरावा आहे, त्या पानांवरही तेच. हॉलमध्ये खोके, आणि त्यांच्यामधून वाट काढत तू केक आणून ठेवतेयस, हे मला आत्ता दिसतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टात तुला बावीस पूर्ण झाली. दादा एकवीसचाच राहिला. धाकटी म्हणून हाक मारतो आणि तू त्याच्याहून मोठी झालीस. त्या दिवशी आई देवघरापाशी बराच वेळ बसली होती, ती त्यामुळेच. तुला वाटलं, ती तुझ्यावर रागावली आहे.

मी तुला त्या संध्याकाळचं सगळं कधी सांगितलं नाही. तू बारा वर्षांची होतीस, शेजारी काकूंकडे पाठवलं होतं. नोव्हेंबर २०१५. दिवाळी होऊन गेली होती, चिवड्याचा डबा अर्धा उरला होता. आईला लिंबं हवी होती. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, हेल्मेट? तो म्हणाला, "इथल्या इथे तर जातोय, बाबा." मी मान वर केली नाही. कारण ते वाक्य माझंच होतं. मी त्याला स्कूटरवर पुढे उभा करून सारसबागेत न्यायचो, तो दोन्ही हातांनी हँडल धरून तोंडानंच हॉर्न वाजवायचा, आणि आजी गॅलरीतून ओरडायची, अरे सावकाश जा. मी म्हणायचो, इथल्या इथे तर जातोय. माझ्या डोक्यावर काही नाही, त्याच्याही नाही. सगळं पुणं तसंच फिरत होतं. २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली आणि विरोधात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तू चिडली होतीस. मला चिडता आलं नाही. शहरात वेग असतोच कुठे, हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो.

वळणावर खडी सांडली होती. वेग खरंच नव्हता.

तीसचाळीस माणसं उभी होती. कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ते पाजायचं नसतं. कुणीतरी मान उचलून बघितली, तीही हलवायची नसते. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. हात लावला तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, कोर्टात खेपा घालाव्या लागतील, ही भीती तेव्हा सगळ्यांनाच होती. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, नाव सांगायची सक्ती करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पक्कं केलं ३० मार्च २०१६ ला. आपल्यानंतर चार महिन्यांनी. ते कात्रण मी फ्रिजवर लावलं होतं, तुला आठवत असेल. कलम १३४अ म्हणून ते मोटार वाहन कायद्यात आलं २०१९ मध्ये, तेही मी जेवताना इतक्या वेळा सांगितलं की तू ताट घेऊन आत जायचीस.

त्या गर्दीतून एकच माणूस पुढे आला, आपले रिक्षावाले मामा. त्यांना शोधायला मला दोन महिने लागले. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. म्हणाले, "सीट धुतली मी, साहेब. त्याचं काही नाही." मी तिथंच रिक्षात बसून राहिलो. मामांनी मीटर न टाकता मला घरी सोडलं.

दरवर्षीची एकवीस हेल्मेटं तिथून सुरू झाली. लोकांना वाटतं, मी फार मोठ्या मनानं देतो. भोसरीत ३१ वर्षं इन्स्पेक्शनला काढली मी, मला दुसरं येतं काय? हेल्मेटच्या मानकाचा, आयएस ४१५१ चा शिक्का खरा की छापलेला ते बघायचं, आतला थर्माकोल अंगठ्यानं दाबायचा, पट्टा आणि हनुवटीत दोन बोटं मावतील एवढंच अंतर ठेवायचं. ९ ऑगस्टला, त्याच्या वाढदिवशी, सकाळी मामांच्या रिक्षातून खोके न्यायचे आणि शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं. तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळलेल्या आया मुलांना सोडायला येतात, स्वतःच्या डोक्यावर असतं, मागच्या पोराच्या नसतं. चार वर्षांवरच्या मुलालाही ते लागतंच, हे बहुतेकींना माहीतच नसतं. पोराच्या हनुवटीखाली पट्टा लावताना ते मान वर करतं, आणि तेवढ्या दोन सेकंदांत, सई, मला तो दिसतो. म्हणून जातो मी. करोनाच्या वर्षी शाळा बंद होत्या, तेव्हा मामांच्या स्टँडवरच्या एकवीस घरी शिधा दिला, आणि खरं सांगतो, त्या वर्षी मला काही केल्यासारखं वाटलं नाही, कारण पट्टा नव्हता. गरज त्या घरांना किती होती ते मला दिसत होतं, तरी. दुसऱ्याचं भलं करतोय म्हणताना मी किती स्वतःपुरतं बघतो, हे तू परवा बोललीस तेव्हा समजलं.

आता तुझं. वारज्याच्या पुलाखाली गेल्या पावसाळ्यात ते आजोबा घसरले. लोक त्यांचं हेल्मेट ओढून काढत होते, तू काढू दिलं नाहीस. पाणी देऊ दिलं नाहीस. १०८ ला फोन केलास, अँब्युलन्समध्ये त्यांचा हात धरून बसलीस, तुझ्या फोनवरून त्यांच्या घरी कळवलंस. आणि अकरा वाजता घरी येऊन सांगितलंस, क्लास लांबला. चौथ्या दिवशी त्यांची सून पत्ता विचारत पेढे घेऊन आली, तेव्हा आम्हाला कळलं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तू खांदे उडवलेस. उत्तर परवा दिलंस, "तुम्ही लगेच त्यात दादाला आणलं असतं."

आणलं असतं. पेढे घेऊन मी फोटोपुढे गेलोच होतो. तुझ्या हातावर एक ठेवायचं सुचलं नाही. ते आजोबा आज चालतात-फिरतात. ते तुझ्यामुळे, त्यात दादाचं काही नाही. हे मी त्यांच्या सुनेला फोन करून सांगितलं, आज सकाळी. तिला बिचारीला काही कळलं नसेल. मामांनाही सांगितलं, ते म्हणाले, "पोरगी निडर आहे." मला त्या निडरपणाचा अभिमान वाटतो आणि त्याचीच भीती वाटते. तू म्हणतेस ऑफिस दोन किलोमीटरवर आहे. दोन किलोमीटर म्हणजे इथल्या इथेच झालं ना? सेकंडहँड गाडी घेतलीस तर मागचा टायर बघ, ब्रेक एकदा नीट तपासून घे, आणि पहिल्या पावसात तर...

आई खोलीत येऊन वाचून गेली. म्हणाली, "लिहा, तुम्हाला थांबवून उपयोग नाही." क्षमा कर बाळा. तू मोठी आहेस, तुझा पगार आहे, तुझं तू बघशील.

यंदा खरेदी जुलैतच उरकतो. ३ ऑगस्टला आम्ही दोघं बंगळुरूला येऊ, तुला चालणार असेल तर. नको वाटलं तर तसं लिही, मी मनाला लावून घेणार नाही, म्हणजे प्रयत्न करीन. खोके येणार नाहीत, फक्त आम्ही. ८ ला परत फिरू, ९ ला मामा वाट बघतात. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, आम्ही रिक्षा करू.

निळं हेल्मेट उद्या कुरिअर करतोय, हे पत्र त्याच्यातच असेल. वापर असं म्हणत नाही. आईनं आतल्या पोकळीत बेसनाच्या लाडवांची पिशवी बसवली आहे. चार-पाच दिवसांत पोचेल म्हणतात. दिवसा खोलीवर कुणी नसतं ना? मग घरमालकीणबाईंना सांगून ठेव. आणि लाडू लगेच डब्यात काढ, मुंग्या लागतील.

तुझा,
बाबा