पॉवर बँकेवर वॅट-तास ठळक छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की भाऊच्या धक्क्यावर मांडव्याच्या बोटीला सायकली दिसू लागतात. मांडवा, अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून पाणी ओलांडून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला पुन्हा फेरीबोट आणि पुढे दापोली-गुहागर करत रत्नागिरी. निवृत्तीनंतर मी या वाटेला लागले आणि आता दर हिवाळ्यात जाते. फोनवरचा नकाशा, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, सगळे चार्जिंगवर. त्यामुळे पॉवर बँक लागतेच. ती घेताना ग्राहकाच्या डोळ्यांसमोर जो आकडा नाचवला जातो, त्याबद्दल हे पत्र.

माझी सगळी नोकरी वीजमीटर तपासण्यात झाली. घरच्या बिलात आपण युनिट मोजतो आणि एक युनिट म्हणजे 1,000 वॅट-तास. नुसत्या अँपिअरवर बिल आकारले तर कोणीही ऐकून घेणार नाही. पॉवर बँक मात्र सर्रास एमएएचवर, म्हणजे मिलिअँपिअर-तासांवर, विकली जाते. हा आकडा असतो आतल्या सेलचा, साधारण 3.7 व्होल्टचा, साध्या यूएसबीतून वीज बाहेर येते 5 व्होल्टने. अँपिअर-तासांना व्होल्टने गुणले की वॅट-तास मिळतात, म्हणून 10,000 एमएएच, म्हणजे 10 अँपिअर-तास, गुणिले 3.7 व्होल्ट हे झाले 37 वॅट-तास. व्होल्टेज चढवताना त्यातले काही उष्णतेत जाते, हाती तीस-बत्तीस उरतात. आजच्या 5,000 एमएएचच्या फोनला साधारण 19 लागतात. म्हणजे फोन दोनदा भरत नाही, दीडदा भरतो. खोक्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’, म्हणजे 5 व्होल्टवर प्रत्यक्ष हाती येणारी क्षमता, लिहिलेली असते, बहुतेक वेळा 6,000 एमएएचच्या आसपास. उपयोगाचा आकडा तो. पण दर्शनी बाजूला 10,000 एवढे ठळक असते की मागे वळून कोण बघणार?

पदपथावर तर याहून वाईट स्थिती आहे. आमच्या गटातल्या एका मुलाने 50,000 एमएएच लिहिलेली बँक स्वस्तात आणली. मी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, 230 ग्रॅमसुद्धा भरली नाही. अशा बँकांत बहुधा 18650 जातीचे गोल सेल असतात: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, वजन पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम. चांगल्यातला चांगला सेल 3,500 एमएएचच्या आसपास जातो. 50,000 साठी असे पंधरा सेल हवेत, म्हणजे नुसत्या सेलचेच वजन पाऊण किलोच्या घरात. आकडा छापायला शाई पुरते, वजन मात्र आणावे लागते. चांगली 10,000 ची बँक दोनशे ते अडीचशे ग्रॅमची असते, 20,000 ची साडेतीनशेच्या पुढे. दुकानात हातात घेऊन बघा, शंका आली तर काट्यावर ठेवा. आणि भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाजवळ ‘आर’ अक्षरापुढचा आठ अंकी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहा. नोंद कोणाच्या नावावर आहे ते लगेच कळते.

सायकलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी कोणताही विक्रेता सांगत नाही. मागच्या लाल दिव्याला चार्जिंगला करंट फार थोडा लागतो. अनेक बँका एवढा थोडा करंट पाहून ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजतात आणि अर्ध्या-एक मिनिटात बंद होतात. दिघीच्या पुढे एका घरगुती मुक्कामात रात्रभर दिवा जोडून ठेवलेली एक सोबतीण सकाळी उठली तेव्हा दिवा होता तसाच रिकामा. ज्या बँकेत कमी करंटची सोय असते (बहुधा बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून ती सुरू होते) तीच सफरीवर न्यावी. घेण्यापूर्वी आपला दिवा दुकानात नेऊन पाच मिनिटे लावून बघायला लाजू नये.

बँक स्वतः किती वेळात भरते, हेही महत्त्वाचे आहे. कोकणात संध्याकाळी लाइट गेली की ती कधी येईल सांगता येत नाही आणि खोलीत एक प्लग चौघांत. 20,000 ची बँक 10 वॅटने भरायची तर नऊ-दहा तास हवेत. टाइप-सी आणि 18 वॅटची असेल तर पाच-सहा तासांत काम होते. माझा स्वतःचा कल एका मोठ्या बँकेपेक्षा 10,000 च्या दोन बँकांकडे आहे. एक भिजली, बिघडली तर दुसरी असते, आणि सोबत्याला द्यायलाही होते. पाठीवर सौर पट्टी चिकटवलेल्या बँकांच्या नादी लागू नये. तळहाताएवढी पट्टी जेमतेम एक-दीड वॅट देते, आणि ऊन खाऊ घालण्यासाठी बँक उन्हात ठेवणे हे सेलच्या मुळावरच येते. विमानाने लेहला जाणाऱ्यांनी 100 वॅट-तासांची मर्यादा आणि बँक हातातल्या सामानातच ठेवण्याचा नियम लक्षात ठेवावा. पाहा, विमानतळसुद्धा वॅट-तासच विचारतो.

माझी मागणी साधी आहे. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने पॉवर बँकेच्या दर्शनी बाजूला वॅट-तास आणि 5 व्होल्टवरची रेटेड कपॅसिटी एमएएचइतक्याच मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. ऑनलाइन विक्रीच्या पानांनाही तोच नियम लागू व्हावा. तोवर आपल्या वृत्तपत्राने सणासुदीच्या खरेदी पुरवण्यांत पॉवर बँकांची माहिती देताना वॅट-तास, वजन, बँक भरायला लागणारा वेळ आणि कमी करंटची सोय हे चार रकाने द्यावेत, ही विनंती.

आपली,
एक सायकलस्वार वाचक, माहीम, मुंबई