मंत्रीसाहेब, मशिदीला तुमचा पैसा नको, सही पाहिजे

मा. मंत्रीसाहेब, सलाम आणि नमस्कार.

मागच्या रमजानात तुम्ही आमच्याकडे इफ्तारला आलात, मशिदीच्या गाळ्यांवरचा रिकामा हॉल स्वतः वर चढून बघितलात आणि माईकवर सगळ्यांसमोर बोललात की डायलिसिस सेंटरची परवानगी महिन्याभरात मिळवून देतो. टाळ्या मीपण वाजवल्या. काल पत्र आलं, 'प्रस्तावात त्रुटी, फेरसादर करावा'. कसली त्रुटी, ते पत्रात कुठेच नाही.

साहेब, आम्ही कुणापुढे हात पसरत नाही. खालच्या गाळ्यांचं भाडं येतं, जुम्म्याला झोळी फिरते, त्यातून लाईटबिल आणि इमामसाहेबांचा पगार भागवून मशिदीचा दवाखाना चालतो. दहा रुपयांत केसपेपर. बाकड्यावर येऊन बघा, मोहल्ल्यातल्या बायकांच्या शेजारी मंडईतल्या भाजीवाल्या मावशी, मारुती गल्लीतले आजोबा, सगळे नंबर लावून बसलेले असतात. 2020 मध्ये भिवंडीच्या मक्का मशिदीत कोविडच्या पेशंटना ऑक्सिजन लावत होते, पुण्यात आझम कॅम्पसच्या मशिदीतली जागा क्वारंटाइनला दिली, इचलकरंजीत मुस्लिम समाजाने रमजानात जमवलेल्या 36 लाखांतून सरकारी दवाखान्यात आयसीयू उभं केलं. तेव्हा बरी कुणाला त्रुटी सापडली नाही!

माझ्या अब्बांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी न्यायचो, एसटीने. येताना त्यांना बसवायचं नाही, मागच्या लांब सीटवर आडवं करायचो आणि ब्रेक लागला की खाली घसरू नयेत म्हणून उभ्याने धरून ठेवायचो. पावसाळ्यात पुलावर पाणी आलं, गाड्या बंद, लागोपाठ दोन डायलिसिस चुकले, फुप्फुसात पाणी झालं आणि अब्बा गेले. तुमचा तो महिना कधीच उलटून गेला होता साहेब. परवानगी मिळाली असती तर मशीन घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतं.

मुस्लिमांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 लाच सांगितलं होतं की देशात वक्फच्या, म्हणजे धर्मकार्यासाठी आणि गरिबांसाठी दान दिलेल्या, जवळपास पाच लाख मिळकती, सहा लाख एकर जमीन आणि वर्षाचं उत्पन्न फक्त 163 कोटी, नीट वापरली तर 12 हजार कोटी मिळतील. किती सरकारं आली नि गेली! वक्फचा नवा कायदा आला, मिळकतींची ऑनलाइन नोंद करायचं उम्मीद पोर्टल आलं, आमचे सेक्रेटरी चाचा रात्र रात्र जागून जुने कागद स्कॅन करत बसले, पण त्या जागेतून गरिबाला काय मिळणार हे कोण विचारतंय? औरंगाबादच्या पाणचक्कीवर दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी दळण दळलं जायचं, म्हणजे धर्माच्या जागेतून लोकांच्या पोटाची सोय करायची अक्कल तेव्हाच्या माणसांना होती. आता इलेक्शनला टोपी घालून येणारे आणि मशिदीच्या नावाने शिव्या देऊन मतं मागणारे, दोघांपैकी एकालाही आमच्या दवाखान्याचं पडलेलं नाही.

आता परत पत्र नको. माणूस पाठवा, हॉल मोजू दे, त्रुटी काय ती कमिटीच्या तोंडावर सांगा आणि सही करा. दोन मशिनींचे पैसे बँकेत पडून आहेत, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटचं आणि प्लंबिंगचं आम्ही बघतो.

– मशिदीच्या दवाखान्याचा हिशोब बघणारा एक नागरिक