ज्या युद्धपटांत विजय नाही

फोंडा, गोवा
९ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या चित्रपट मंडळात युद्धपट दाखवायचे ठरले आहे आणि ‘सगळ्यांनी पाहिलेले नकोत’ एवढी एकच अट तू घातली आहेस, हे वाचून फार आनंद झाला. नुसती नावे कळवून मोकळे होता आले असते. परंतु हेच चित्रपट का, हे सांगितल्यावाचून मला राहवणार नाही. माझे मत असे झाले आहे की जिंकणाऱ्या सैन्यावरचा चित्रपट कितीही प्रामाणिक असला तरी अखेरीस त्याची नजर झेंड्याकडे वळते. याउलट हरलेल्या किंवा माघार घेणाऱ्या सैन्याची गोष्ट सांगणाऱ्याजवळ दाखवायला विजय नसतो, आणि म्हणून त्याला सैनिकाकडेच पाहत राहावे लागते: त्याच्या पायांकडे, पोटाकडे, अंगातल्या तापाकडे.

सर्वांत आधी कोन इचिकावा यांचा १९५९ सालचा ‘नोबी’ हा जपानी चित्रपट दाखव. ज्या कादंबरीवर तो बेतला आहे, तिचे लेखक शोहेई ओओका हे स्वतः फिलिपाइन्समध्ये सैनिक होते आणि १९४५ साली अमेरिकनांच्या हाती सापडले होते. चित्रपट दुसऱ्या महायुद्धातला, फिलिपाइन्सच्या लेयते बेटावरचा आहे. तामुरा नावाच्या साध्या शिपायाला क्षय झाला आहे. तू अन्न गोळा करू शकत नाहीस, तेव्हा इस्पितळात जा, असे तुकडीचा अधिकारी त्याला बजावतो. ज्याला चालता येते त्याला आजारी कसे म्हणायचे, असे म्हणून इस्पितळ त्याला परत पाठवते. दोन्हीकडून दार बंद झाले तर जवळचा हातबॉम्ब स्वतःसाठी वापर, हाही हुकूमच असतो. शत्रू अजून दिसलेलाही नसतो, आणि एवढ्यातच सैन्य ही व्यवस्था मोडली की एका माणसाचे काय होते, ते सगळे आपल्यापुढे येते.

त्यातला बुटांचा प्रसंग मी तपशिलाने सांगतो. चिखलाच्या वाटेवर कोणीतरी टाकून दिलेले बूट पडलेले आहेत. मागून येणारा शिपाई थांबतो, ते आपल्या बुटांपेक्षा बरे आहेत असे पाहून पायात चढवतो आणि आपले तिथेच टाकून पुढे जातो. त्याच्या मागून येणारा त्याने टाकलेले उचलतो आणि स्वतःचे टाकतो. असे होत होत तामुराची पाळी येते, तेव्हा उरलेल्या जोडाला तळवाच नसतो. तो आपले बूट काढून पाहतो, त्यांचीही तीच गत असते, आणि तो अनवाणी चालू लागतो. या सगळ्यात कोणी एक शब्दही बोलत नाही. तुझ्या थोरल्या दादांना पलटणीतल्या दिवसांविषयी विचारले की ते गोळीबाराविषयी क्वचितच बोलत, ओल्या मोज्यांविषयी आणि पायाच्या फोडांविषयी मात्र भरभरून सांगत, हे तुला आठवत असेल. म्हणून हा प्रसंग त्यांनी जरूर पाहावा असे मला वाटते.

मात्र या चित्रपटात केवळ कणव नाही, हे प्रेक्षकांना आधीच सांग. तामुरा एका ओसाड गावात एका निरपराध फिलिपिनो तरुणीला गोळी घालतो आणि त्या घरात लपवलेले मीठ घेऊन निघतो. पुढे त्याच मिठाच्या बळावर इतर शिपाई त्याला आपल्यात सामावून घेतात. शेवटाकडे ‘माकडाचे मांस’ म्हणून जे खाल्ले जाते ते कशाचे आहे, हे कळल्यावर काही जण उठून जातील. त्यांना जाऊ दे. सैनिकाचे हाल दाखवताना त्याच्या हातून झालेला गुन्हा न झाकणारा दिग्दर्शक विरळा असतो, आणि इचिकावा यांची थोरवी मला त्यातच दिसते.

दुसरा चित्रपट प्येर शोंडोरफेर यांचा, १९६५ सालचा, ‘तीनशे सतरावी तुकडी’. शोंडोरफेर फ्रेंच सैन्याचे चित्रण करणारे कॅमेरामन म्हणून व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फू या फ्रेंच ठाण्याच्या वेढ्यात होते आणि मे १९५४ मध्ये ते ठाणे पडल्यावर युद्धकैदी झाले. छायाचित्रण करणारे राउल कुतार यांनीही इंडोचायनातील युद्ध जवळून पाहिले होते. चौघे फ्रेंच आणि चाळीसएक लाओशियन शिपाई एक दूरचे ठाणे सोडून जंगलातून माघार घेतात, एवढेच कथानक आहे. कंबोडियाच्या जंगलात घेतलेल्या या चित्रणात युद्ध म्हणजे मुख्यतः चालणे आहे: नदी ओलांडणे, पावसात कुडकुडणे, स्ट्रेचरवरच्या जखमी सोबत्यामुळे सगळ्यांची चाल मंदावणे, आणि त्याला सोडून जावे की नाही हा कोणालाही उघड उच्चारावासा न वाटणारा प्रश्न. कोवळा अधिकारी आणि मुरलेला हवालदार यांच्यातला अबोल ताण तर पाहण्यासारखा आहे. माझी एकच तक्रार आहे: ज्यांच्या देशात हे युद्ध चालले आहे, ती माणसे या चित्रपटात जवळजवळ दिसतच नाहीत. चर्चेच्या वेळी हा मुद्दा तू अवश्य मांड.

आपल्याकडचा म्हणून २००७ सालचा अमृत सागर यांचा ‘१९७१’ ठेवता येईल. पाकिस्तानात अडकून पडलेल्या भारतीय युद्धकैद्यांची ती कथा आहे. पलायन सुरू झाल्यावर तो नेहमीच्या थरारपटाच्या वळणावर जातो, पण छावणीतल्या दिवसांचे चित्रण खरे वाटते.

आता गोव्यात राहणाऱ्या माणसाने सुचवावेत असे दोन पोर्तुगीज चित्रपट. मानुएल द ओलिवेरा यांच्या १९९० सालच्या ‘नॉन’मध्ये आफ्रिकेतल्या वसाहतीत लढणारे शिपाई लष्करी ट्रकमध्ये बसून देशाच्या इतिहासाविषयी बोलत राहतात, आणि त्यांचा लेफ्टनंट पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळते त्याच दिवशी, २५ एप्रिल १९७४ रोजी, प्राण सोडतो. इवु फेरैरा यांचा २०१६ सालचा ‘कार्ताश द गेर्रा’ हा कृष्णधवल चित्रपट अंगोलात डॉक्टर म्हणून पाठवलेल्या तरुण लेखकाने पत्नीला लिहिलेल्या पत्रांवर आधारलेला आहे. पडद्यावर छावणी आणि कानांवर प्रेमपत्रे, अशी त्याची रचना आहे.

हे दोन्ही पाहताना मला आमच्याच भूमीची आठवण येत राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्वा यांनी भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली. अखेरपर्यंत लढण्याचा पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा हुकूम त्यांनी मानला नाही, आणि म्हणून तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिकांचे जीव वाचले. ते शिपाई १९६२च्या मे महिन्यापर्यंत इथल्या छावण्यांत कैदी होते. आमच्या फोंड्यातही एक छावणी होती. मायदेशी गेल्यावर त्यांच्या वाट्याला स्वागत आले नाही. वासालु ई सिल्वा यांना तर सैन्यातून काढून टाकले गेले, आणि हुकूमशाही गेल्यानंतरच त्यांना परत मान मिळाला. पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगात आमच्या स्वातंत्र्यसैनिकांनी जे सोसले ते मी विसरत नाही, आणि मुक्तिदिनाचा आनंद माझ्यासाठी निखळच आहे. तरीही सक्तीने भरती होऊन समुद्रापार आलेल्या त्या विशीतल्या पोरांना कैदेच्या या महिन्यांत काय वाटले असेल, हे पडद्यावर पाहण्याची माझी इच्छा आहे. त्याहून मोठी इच्छा आहे ती आपल्या सैनिकांविषयी. त्याच वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यातले अंजदीव बेट घेताना भारतीय नौदलाचे ७ जण कामी आले. उघड्या किनाऱ्यावर उतरण्याआधी बोटीत बसलेल्या त्या तरुणांचा शेवटचा तास कोणीतरी सांगायला हवा. गोवामुक्तीवरचा ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ १९६९ साली आला, परंतु त्याचे नायक सत्याग्रही आहेत.

क्रम विचारशील तर पहिल्या संध्याकाळी ‘नोबी’ एकटाच ठेव, त्याला जोडून दुसरे काही लावू नकोस. पोर्तुगीज चित्रपटांपैकी पत्रांचा आधी आणि ओलिवेरांचा नंतर दाखव, कारण ‘नॉन’मध्ये जुन्या लढायांचे लांब प्रसंग आहेत आणि थोडी पूर्वपीठिका सांगितल्याशिवाय प्रेक्षक गोंधळतील. ती पूर्वपीठिका दोन पानांत लिहून मी वेगळी पाठवतो. उपशीर्षके इंग्रजीत असतील, तेव्हा ज्यांना ती भराभर वाचणे जड जाते त्यांच्यासाठी प्रत्येक चित्रपटाचा सारांश मराठीत छापून आधीच वाट. दादा काय म्हणाले ते मात्र सविस्तर कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र