गहू बंद करण्याआधी तपासणी

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीला आलास तेव्हा पट्ट्याला खिळ्याने पाडलेले नवे भोक पाहून माझ्या काळजात धस्स झाले. भाऊबीजेला तुझ्या ताटात उकडलेला दुधी आणि त्यावर चमचाभर खोबरेल एवढेच होते. वरणाची वाटीसुद्धा तू बाजूला सारलीस. सणाच्या दिवशी बोलायला नको म्हणून मी गप्प राहिले. आता मात्र वाचून, विचारून लिहीत आहे.

तुझे म्हणणे असे, की आतड्यात कॅन्डिडा ही बुरशी माजली आहे आणि साखर, गहू, दूध तोडले की ती उपाशी मरेल. अरे, ती बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या आतड्यातही असतेच. नुसती सापडली म्हणजे आजार झाला असे नव्हे. अमेरिकेत ही समजूत १९८३च्या सुमारास फार पसरली, परंतु तिथेच १९९० साली कॅन्डिडामुळेच त्रास होतो असे मानलेल्या स्त्रियांना निस्टॅटिन हे बुरशीनाशक देऊन पाहिले, तेव्हा थकवा आणि अंगभरच्या इतर तक्रारी औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा अधिक कमी झाल्या नाहीत.

ती बुरशी मारायला तू खातोस त्या लसूण आणि ओवा यांना मी कमी लेखत नाही. ओव्यातले थायमॉल आणि लसणातले ॲलिसिन प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी मारतात, पण बशी म्हणजे आतडे नव्हे. उलट, उपाशीपोटी चावून खाल्लेल्या त्या चार कच्च्या पाकळ्यांतल्या फ्रुक्टन्स या न पचणाऱ्या कर्बोदकांमुळे नाजूक आतड्यात वायू वाढतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने पोट फुगणाऱ्यांसाठी जो आहार बसवला, त्यातही कडक पथ्य दोन ते सहा आठवडेच असते आणि मग एकेक पदार्थ परत सुरू करतात. तुझे पथ्य पाच महिने चालले आहे आणि त्यातून रोज काहीतरी वजाच होते.

सर्वांत मोठी काळजी गव्हाची. सीलिॲक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार असेल, तर त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच भरवशाची असते. गहू सुटला की रक्तातली प्रतिपिंडे उतरतात आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून गहू कधीपासून बंद आहे, हे डॉक्टरांना आधी सांग. वजन आतड्याच्या क्षयातही उतरते आणि त्यावर औषधे आहेत, पण आधी निदान तर हवे.

शनिवारी पहिल्या गाडीने मी येते. पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेऊन ठेव आणि तू घेतोस त्या कॅप्सूलच्या सगळ्या बाटल्या सोबत घे, त्यांना दाखवू.

तुझी,
आई