फराळाच्या पुरवणीत रात्रीचं जेवण कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न पण लागलं, डबे तळाला गेले, आता जरा सवड मिळाली म्हणून लिहायला बसले. विषय तुमच्या दिवाळीच्या रेसिपी पुरवणीचा आहे आणि येऊ घातलेल्या नाताळच्या पुरवणीचाही. आमच्याकडे पेपर वर्षानुवर्षं तुमचाच येतो आणि रेसिपीचं पान कापून ठेवणाऱ्यातली मी आहे, त्यामुळे ही तक्रार घरच्याच माणसाची समजा.

पहिलं म्हणजे तारखा. अनारशाची रेसिपी तुम्ही छापलीत वसुबारसेला. आता अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग उपसून सावलीत कापडावर पसरायचे, जरासा ओलसरपणा असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा मळायचा आणि तो डब्यात चार-पाच दिवस तरी मुरू द्यायचा. तुमच्या रेसिपीत हे सगळं नीट लिहिलंय हो, चूक काहीच नाही, पण जिनं पेपर वाचून त्याच दिवशी तांदूळ भिजत घातले तिचा पहिला अनारसा भाऊबीज उलटून गेल्यावर कढईत पडणार, म्हणजे मग पाहुणे गेले, मुलांची शाळा सुरू व्हायला आली आणि गोडाकडे बघवत पण नाही तेव्हा. मागच्या वर्षी नाताळात तेच. प्लम केकची रेसिपी 24 डिसेंबरच्या अंकात आणि त्यात पहिलंच वाक्य की सुकामेवा महिनाभर रममध्ये भिजवून ठेवा. कधी ठेवायचा, तुम्हीच सांगा.

दुसरं, मापं. निम्म्या रेसिपी वाटीत आणि निम्म्या कपात. वाटी कुणाची? आमच्याच मांडणीवर तीन साइजच्या वाट्या आहेत आणि आमटीची वाटी आणि लोणच्याची वाटी यात दुपटीचा फरक आहे. चिवड्याला चालतं ते, लाडवाला पण हात सांगतो तूप पुरे की कमी, पण बेकिंगला नाही चालत. कपात मैदा सैल भरला तर 120 ग्रॅमच्या आसपास बसतो आणि ठोकून दाबून भरला तर 150 पर्यंत जातो, म्हणजे चार कपाच्या केकमध्ये जवळजवळ एक कप मैदा जास्तीचा गेला, मग केक घट्ट झाला की बाई म्हणते मला केक जमतच नाही. डिजिटल काटा आता किती घरांत आलाय, डाएटवाल्यांनी आणलाय, केकवाल्यांनी आणलाय, आणि नसला तरी कोपऱ्यावरचा दुकानदार पाव किलो मैदा मोजूनच देतो ना. ग्रॅममध्ये छापा एवढंच म्हणणं आहे. आणि परदेशी रेसिपी तशीच्या तशी उचलताना जरा बघा, आपल्याकडचं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम 25 टक्के फॅटचं असतं, ते रात्रभर फेटलं तरी उभं राहत नाही, फेटायला निदान 30-35 टक्क्यांचं लागतं. हे एक वाक्य छापलंत तर किती मिक्सर वाचतील.

आता नानकटाईवर येते कारण तिथं माझा खरा जीव आहे. आमच्या सांगलीकडे दिवाळीत नानकटाई घरी भाजायची पद्धतच नव्हती, मैदा, रवा, तूप, साखर असं सामान पिशवीत भरून बेकरीत न्यायचं, किलोमागे मजुरी ठरलेली, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि सांगितलेल्या वेळी जाऊन घेऊन यायचं. अजूनही काही बेकऱ्या करून देतात. पावाची भट्टी उतरत्या आचेवर आली की मग बिस्किटं-नानकटाई आत सरकवायची, ती मंद आच सगळीकडून सारखी लागायची आणि म्हणून ती आतपर्यंत खुसखुशीत व्हायची. मुंबईत तर जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, धुराचा त्रास आहेच तर त्यात वाद नाही, पण लाकडाची भट्टी हळूहळू जाणार हे दिसतंय आणि नानकटाई घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या लहान ओव्हनमध्ये, येणार हेही दिसतंय. आलीच आहे म्हणा.

तर तुमच्या पुरवणीत नानकटाई आहे, खाली लिहिलंय, वेळ 20 मिनिटं. कुणाची वेळ? ही एका ट्रेची वेळ झाली. माझा हिशोब बघा. 250 ग्रॅम मैद्याला 150 ग्रॅम तूप आणि 125 ग्रॅम पिठीसाखर, सगळं मिळून सव्वापाचशे ग्रॅम, एक गोळा 25 ग्रॅमचा धरला तर होतात 21. दिवाळीला पाव किलोनं काय होतंय, ताटं द्यायची असतात, किलोचा घाट घालावा लागतो, म्हणजे 84 नग. घरातल्या लहान ओव्हनच्या ट्रेमध्ये नीट अंतर ठेवून 12 बसतात. झाले सात ट्रे, सात विसे एकशेचाळीस मिनिटं, वर ओव्हन तापायची दहा आणि ट्रे काढायचा-घालायचा वेळ वेगळाच. पावणेतीन तास धरा. तेवढा वेळ एक माणूस ओट्यापासून हलू शकत नाही, कारण लहान ओव्हनमध्ये मागची बाजू आधी लाल होते आणि मध्येच ट्रे फिरवावा लागतो. त्यात ऑक्टोबर हीट, शेवटच्या ट्रेची पाळी येईस्तोवर गोळ्यातलं तूप पातळ होतं आणि नानकटाई पसरून बिस्किटासारखी चपटी होते, म्हणून उरलेले गोळे फ्रीजमध्ये ठेवायचे, म्हणजे फ्रीजमध्ये आधी जागा करायची. आणि गरम असताना ती मऊच लागते, दाबली तर बोट आत जातं, नवीन करणाऱ्याला वाटतं कच्ची राहिली, तो अजून पाच मिनिटं ठेवतो आणि गार झाल्यावर ती दातानं तुटत नाही. कडेला नुसता बदामी रंग धरला, वर बारीक भेग पडली की बाहेर, ट्रेमध्येच गार होऊ द्यायची, कडक होणं तिचं तिथंच होतं. यातलं काहीच तुमच्या पानावर नाही, फोटो मात्र अर्धं पान, आणि वर पिस्त्याचा काप अगदी मधोमध.

बेबिंकाचं पण तसंच होणार बघा, नाताळ आला की गोव्याची बेबिंका, म्हणजे थरांचा गोड केक, येतेच तुमच्याकडे. माझी मावसबहीण मडगावला दिलीय, तिची शेजारीण करते. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तो लाल झाला की त्यावर तूप सोडून दुसरा थर, मग तिसरा, असे सात तरी थर. अख्खी दुपार जाते. पण त्या घरात कुलकुल, म्हणजे नाताळातले तळलेले गोड शंखासारखे तुकडे, करायला बसतात तेव्हा आजोबांपासून नातवापर्यंत सगळे काटा-चमचा नाहीतर नवीन फणी घेऊन टेबलाभोवती बसतात, कणकेचा तुकडा त्यावर दाबून वळायचा हे काम लहान पोरांना फार आवडतं, आणि मग शेजारीपाजारी ताटं जातात ती हिंदूंच्या घरी पण जातात आणि दिवाळीला इकडची तिकडे येतात. तुमच्या रेसिपीत मात्र कायम एकच बाई असते. ती चाळते, ती मळते, ती भाजते, ती सजवते, पाहुणे आले की हसून ताट पुढं करते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहिलं. तुमच्या पुरवणीत फराळाचे आणि बेकिंगचे मिळून भरपूर पदार्थ आहेत, पण ज्या दिवशी चकल्या तळल्या त्या दिवशी रात्री घरात काय जेवायचं हे कुठेच नाही. सकाळपासून कढईपुढे उभं राहून, तळणीचा वास डोक्यात गेलेला, दोन्ही बर्नर अडकलेले, ओट्यावर सोऱ्या आणि पीठ सांडलेलं, आणि साडेआठला घरातला कोणीतरी येऊन विचारणार की आज जेवायला काय. त्याची पण चूक नाही, फराळानं पोट भरतं पण जेवण होत नाही. त्यात आमच्याकडे सासऱ्यांना शुगर, इन्सुलिन घेतलं की ठरल्या वेळी ताट लागतंच, ते घड्याळ दिवाळी-बिवाळी बघत नाही. आणि पोळ्यावाल्या मावशी सुट्टीवर असतात, असायलाच पाहिजेत, त्यांच्या घरी पण दिवाळीच असते.

म्हणून मी फराळाची यादी करायच्या आधी जेवणाची यादी करते. उलटं वाटेल पण करून बघा. फ्रीजवर कागद, वसुबारस ते भाऊबीज, दोन्ही वेळचं. वसुबारसेला आमच्याकडे बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी ठरलेलीच, तो दिवस आपोआप सुटतो. तळणाच्या दिवशी संध्याकाळी कुकरची मुगाची खिचडी आणि ताकाची कढी, दुसरं काही नाही, पापड पण नाही कारण कढई परत नको. भाजणी फराळाच्या आधीच दळून आणायची असतेच चकलीसाठी, तेव्हाच थालिपीठाची पण दळून आणायची, एक रात्र थालिपीठ-दही यात निघते आणि ते करायला पोळी लाटता न येणारा माणूस पण चालतो, आमच्या घरातले असे दोघे आता थालिपीठ बरं थापतात, एकाचं गोल येतं. ओव्हन लावायचा दिवस आणि तळणाचा दिवस मी एक येऊ देत नाही, कारण हात तेवढेच. ओव्हनच्या दिवशी मात्र गॅस मोकळा असतो, त्या दिवशी नीट वरण-भात-भाजी होते, आणि नानकटाईचा शेवटचा ट्रे निघाला की त्याच गरम ओव्हनमध्ये वांगं-टोमॅटो ठेवून देते, दुसऱ्या दिवशीच्या भरताची सोय. वीज काही फार जात नाही हो, पंधराशे वॅटचा ओव्हन सलग पावणेतीन तास चालला तरी चार युनिटच्या आसपास, आणि तो मध्ये मध्ये बंद होत असतो म्हणजे त्याहून कमीच.

नरकचतुर्दशीला दुपारचं जेवण मी मांडतच नाही. पहाटे अभ्यंगस्नान, सहाला फराळ, त्यावर दहाला कोणीतरी आलं की परत फराळ, बाराला कुणालाच भूक नसते आणि तरी घरोघरी तेव्हा पूर्ण स्वयंपाक होऊन पडलेला असतो आणि संध्याकाळी तोच गरम करून. एकदा ठरवून टाकलं की तीनला मसालेभात आणि कोशिंबीर, संपलं, फक्त सासऱ्यांचं ताट त्यांच्या वेळेला वेगळं वाढायचं. भाऊबीजेला माणसं येतात तेव्हा पुरी-बासुंदी-बटाट्याची भाजी लागतेच, तिथं काटकसर करत नाही, पण पुऱ्या लाटायला आलेला भाऊ बसतो. ओवाळणी घालायला आलाय तर लाटायला काय हरकत आहे.

सासूबाईंचं यावर एक म्हणणं असतं, की आमच्या वेळी असले कागद नव्हते आणि सगळं होत होतं. होत होतं, पण तेव्हा वाड्यातल्या सात-आठ बायका आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे करत करंज्या करायच्या, एक लाटतेय, एक भरतेय, एक कातणानं कापतेय, एक तळतेय. आता फ्लॅटचं दार बंद आणि आत एकटी बाई यूट्यूब लावून. कागद त्या सात-आठ बायकांच्या बदल्यात आहे असं मी त्यांना सांगितलं, त्या हसल्या पण पुढच्या वर्षी मटार सोलायचं काम त्यांनी स्वतःहून कागदावर लिहून घेतलं.

विकत आणण्याबद्दल पण एक शब्द. बचत गटाच्या बायका फराळ उत्तम करतात, आम्ही चिवडा आणि चिरोटे त्यांच्याकडूनच घेतो, घरी दोन-तीनच पदार्थ करतो, जे आम्हाला करायला आवडतात ते. तुमच्या पुरवणीत विकतच्या फराळाची जाहिरात असते आणि शेजारच्या कॉलमात घरच्या फराळाची सर कशालाच नाही असं लिहिलेलं असतं, तर निदान एकाच पानावर दोन्ही नकोत.

तेव्हा विनंती अशी की नाताळच्या केकची रेसिपी याच महिन्यात छापा, म्हणजे सुकामेवा भिजायला वेळ मिळेल, ज्यांना रम नको त्यांच्यासाठी आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीजमध्ये ठेवायचा प्रकार पण द्या, मापं ग्रॅममध्ये, ओव्हनचा ट्रे केवढा धरलाय ते लिहा, किती हात लागतील ते लिहा, आणि खाली चार ओळींत त्या रात्रीचं जेवण. अनारसे पुढच्या वर्षी कोजागिरीच्या अंकात घ्या. जागा कमी पडत असेल तर नानकटाईचा फोटो लहान केलात तरी चालेल.

कळावे,
आपली एक वाचक,
सांगली