नर्सबाई, संक्रांतीला येते तेव्हा

आदरणीय नर्सबाई,

नमस्कार. हे पत्र खरं तर कागदावर लिहून तुमच्या हातात द्यायला हवं होतं. पण तुमच्याकडे कागद गेला की तो जुन्या रजिस्टरात दडपला जातो आणि विषय संपतो, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. धाकटा भाऊ ओसरीवर बसून तुम्हाला वाचून दाखवेल. मधेच "पुरे झालं बापा" म्हणालात तरी थांबायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलंय.

बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिल्यापासून नंबर लागेपर्यंतचे दिवस आठवले तरी जीव कासावीस होतो. एक यादी लागली, दुसरी लागली. तोवर पेरणी झाली, डवरणीही झाली. काका येता-जाता म्हणायचे, "बारावी सायन्स करून शेवटी नर्सच व्हायचं होतं का?" तुम्ही त्यांना गल्लीत थांबवून काही बोललात, एवढंच माय सांगते. काय बोललात ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. त्यानंतर मात्र नॉन-क्रिमिलेअरच्या कागदासाठी काकाच मला मोटरसायकलवर दारव्ह्याला घेऊन गेले, तेही दोनदा.

त्याच दिवसांत मी तुमच्याकडे विचारायला आले होते, की पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं आधीच आणून ठेवू का. तुम्ही तुरीच्या शेंगा सोलत असल्यासारख्या शांत होतात, वर न पाहता म्हणालात, "पुस्तकं कॉलेज सांगन. तू एक वही आण, अन् सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ आण." मला वाटलं, टाळताय. घड्याळ बाबांचं मिळालं, पट्टा सैल होता, त्याला दोन भोकं पाडून दिली.

हे घड्याळ आता रोज लागतं. नाडी अंगठ्याने पाहायची नाही, कारण अंगठ्यालाच स्वतःचा ठोका असतो आणि आपण रोग्याऐवजी आपलीच नाडी मोजत बसतो, हे तुम्ही पहिल्याच दिवशी माझं मनगट धरून दाखवलंत. तीन बोटं, पूर्ण एक मिनिट. मग श्वास. श्वास मोजतोय हे सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडी संपली तरी मनगट सोडायचं नाही, नजर तेवढी छातीकडे वळवायची. माझ्या बाबांना अजून माहीत नाही, की मी त्यांचे श्वास आठवडाभर मोजले. मिनिटाला सोळा.

इंग्रजीची भीती तुम्ही ज्या रीतीने घालवलीत, ती मी इथे होस्टेलच्या दोघी-तिघींना शिकवली. आम्ही सगळ्या मराठी माध्यमाच्या. एवढाले शब्द बघून घाम फुटायचा. तुमचा कोर्स दीड वर्षाचा, तोही मराठीत, तरी तुम्ही शब्द शेंगेसारखा फोडून दाखवायच्या. ब्रॅडी म्हणजे हळू, टॅकी म्हणजे जोरात, कार्डिया म्हणजे हृदयाचं. शेवटी 'आयटिस' आलं की कुठं तरी दाह. टॉन्सिलायटिस तर मेडिकलवाल्याकडून आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, त्यात शिकायचं काय राहिलं? रेडियस अंगठ्याकडचं हाड, अल्ना करंगळीकडचं, आणि जिथं आपण नाडी धरतो ती रेडियल. तेवढ्यावर माझी ॲनाटॉमीची पहिली पंधरा पानं निघाली. हाडं एकूण २०६ आहेत, म्हणजे बाकीची माझी मलाच पाठ करावी लागली, ते सोडा.

हात धुण्याचा प्रकार मी विसरणं शक्य नाही. हळद कालवलेलं तेल हातावर ओतून डोळे मिटायला लावलेत आणि म्हणालात, साबण लावल्यासारखं चोळ. डोळे उघडले तर दोन्ही अंगठे आणि नखांच्या कडा कोऱ्याच. "हेच राहून जाते सगळ्यायचं." मग हात धुण्याच्या पायऱ्यांच्या पहिल्या अक्षरांचं सुमन-के शिकवलंत, सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. इथे भिंतीवर त्याचाच तक्ता आहे. पण तक्ता पाहून मला हळदच आठवते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. आजीच्या बीपीची गोष्ट. तुम्ही ती कुणाला सांगितली नाहीत, म्हणून मीच सांगते.

तुमचा जुना स्टेथोस्कोप मी पहिल्यांदा कानात उलटा घातला होता. कानातली टोकं नाकाच्या दिशेने हवीत, हे मला ठाऊकच नव्हतं. नंतर सरळ घातला तरी नळीच्या घासण्याचा आवाज आणि ठोका यांतला फरक कळत नव्हता. तुम्ही आत चहा ठेवायला गेलात. मी आजीच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, आणि मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. वहीत लिहिलं, १२०/८०.

तुम्ही वही पाहिलीत. रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "पोरी, हा आकडा कानातून आला का पुस्तकातून?"

मी गप्प. आजी बाजेवर पाय लोंबकळत बसली होती, नुकतीच निंदणाहून आली होती आणि एकसारखी बोलत होती. तुम्ही तिला खुर्चीवर बसवलंत, पाठ टेकवली, पाय जमिनीला टेकवले, हात उशीवर छातीच्या पातळीत ठेवला आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगितलंत. आजीला गप्प बसवणं हे तुमचंच काम. मग पट्टा कोपराच्या दोन बोटं वर. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की त्याच्या पुढे आणखी तीस भरायचं आणि हळूहळू सोडायचं, सेकंदाला दोन-तीनच्या वर नाही. पहिला ठोका वरचा आकडा, ठोके नाहीसे होतात तो खालचा. तुम्ही माझ्या कानातून काढून स्वतःच्या कानात घातलात, परत माझ्या कानात दिलात. त्या वेळी ऐकू आलं. टक्, टक्, लांबून कुणी दार वाजवल्यासारखं.

१६८/९४.

"एकदाच्या मोजणीवर काही ठरवायचं नाही," म्हणालात, आणि तीन दिवस पुन्हा पुन्हा मोजलंत, मग आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलंत. आजीची गोळी तेव्हापासून चालू आहे. माझा खोटा १२०/८० तिथेच राहिला असता तर, हा विचार मी होस्टेलमध्ये रात्री बऱ्याचदा करते. तुम्ही फक्त म्हणाला होतात, "ऐकू नाही आलं तं नाही आलं म्हण. त्यात का लाज हाय?"

इथे पहिल्या सेमिस्टरला नर्सिंग फाउंडेशनचे स्किल लॅबचे ८० तास आहेत आणि वॉर्डातले १६०. लॅबमध्ये बीपीची पाळी आली तेव्हा आम्ही वीस जणी ओळीत. माझ्या आधीच्या प्रत्येकीने ठसक्यात आकडा सांगितला. बहुतेकींचा ११० ते १२० च्या घरात, आणि माझा विश्वास बसेना. माझी पाळी आली, पंख्याचा आवाज होता, हात थरथरत होते. मी म्हणाले, "मॅडम, ऐकू आलं नाही. परत घेऊ का?" मागून कुणी हसलं. मॅडमनी पंखा बंद करायला लावला आणि वीसही जणींना पहिल्यापासून घ्यायला लावलं. त्या दिवशी माझं होस्टेलमधलं नाव काही चांगलं राहिलं नाही, दोघींनी जेवताना माझ्याशी बोलणं टाकलं. चार दिवसांनी त्यातलीच एक रात्री माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, मला पण ऐकू येत नाही, दाखव ना.

तिला मी तुमचाच स्टेथोस्कोप दिला. नळ्या कडक झाल्यात, एका जागी भेग आहे, पण नव्यापेक्षा माझ्या कानाला तोच सवयीचा.

आणि एक, हेपेटायटिस बीचा पहिला डोस तुम्ही आग्रहाने घ्यायला लावला होतात, म्हणून वॉर्डात जायच्या आधी माझे दोन डोस झालेले होते. इथे अर्ध्या मुलींना त्यासाठी धावपळ करावी लागली. तिसरा सहाव्या महिन्याला, तारीख वहीत आहे.

संक्रांतीला येते. स्टेथोस्कोपला नव्या नळ्या टाकून आणते. आजीला सांगून ठेवा, त्या दिवशी मी पोचेपर्यंत चहा घ्यायचा नाही, तंबाखूची पुडीही काढायची नाही. आल्या आल्या आधी बीपी घेणार आहे. आकडा येईल तो वहीत लिहीन, आणि वही तुम्ही तपासायची.

तुमची,
शेजारच्या गल्लीतली, बाबांचं घड्याळ घालून फिरणारी