दिप्या, जिप्सीचं हँडल

प्रिय दिप्या,

लिहीन लिहीन म्हणत पाऊस संपला. फोन केला की तू मीटिंगमध्ये, आणि व्हॉट्सॲपवर एवढं सगळं टाईप केलं तर तू वर एक अंगठा चिकटवून मोकळा होणार, म्हणून मेल. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे होते तसेच. आता मुद्द्याचं. जिप्सीने मला घाबरवलंय, आणि घरात सांगितलं तर "विकून टाका ते भंगार" एवढंच ऐकायला मिळणार, त्यामुळे तुलाच सांगतो.

उंब्रजहून येत होतो, रिकामी गाडी, साठ-पासष्टचा स्पीड. नागठाण्याच्या अलीकडे पुलाचा जोड आला, डावं चाक त्यावर आदळलं आणि हँडल हातात पिसाळलंच एकदम. दोन्ही चाकं फडफड फडफड, बॉनेट हलतंय, डॅशवरचा गणपती खाली पडला, मागे ट्रकवाला हॉर्नवर बसलेला. ब्रेक नाही मारला, ॲक्सिलरेटर सोडला आणि नुसतं धरून बसलो, तिसाच्या आसपास आल्यावर थांबलं, जसं काही झालंच नव्हतं. तिथून साताऱ्यापर्यंत चाळीसने आलो, सायकलवाले वळून बघत होते. बामणोलीच्या रस्त्याला तुझ्या हातात असंच झालं होतं आठवतंय का, आणि तू म्हणलास टायरमध्ये दगड अडकलाय. दगड म्हणे!

आपले मिस्त्री आता गाडीखाली जात नाहीत, म्हणून हायवेवरच्या एकाकडे टाकली. त्याने बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, नवा जाड स्टेअरिंग डँपर, म्हणजे हँडलचे झटके खाणारा शॉकॲब्सॉर्बर, लावला, स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला आणि बिल हातात दिलं. गाडी एकदम लोण्यासारखी. ऐंशीलासुद्धा हूं नाही की चूं नाही. आणि माझी खरी झोप तिथून उडाली. कारण डँपर थरथर दाबून टाकतो, प्ले, म्हणजे जॉइंटमधला ढिलेपणा, घालवत नाही. आधी निदान चाळीस-पन्नासला जरा हात थरथरायचे तेव्हा कळायचं तरी, आता काहीच कळत नाही, आणि एक दिवस डँपर थकला किंवा मोठा खड्डा आला की काय होणार ते मला माहितीये.

त्यात तो बॉक्सचा स्क्रू. यवतेश्वरच्या घाटात वळण घेतलं की हँडल आपलं आपण सरळ यायला पाहिजे ना, ते येईचना, प्रत्येक वळणाला ओढून सरळ करायचं. बॉक्स मधोमध मुळातच सगळ्यात घट्ट असतो, तिथे आणखी आवळला की तो अडकतोच. घरी येऊन लॉकनट सैल केला, स्क्रू थोडा उलटा फिरवला, तेव्हा कुठे यायला लागलं. पण मग हँडलला मधे मोकळं फिरणंही परत आलं. म्हणजे प्ले बॉक्सचा नव्हताच, दुसरीकडचा प्ले बॉक्स आवळून लपवला होता.

मग रविवारी सईला बसवलं, इंजिन बंद, चाकं जमिनीवर, म्हणलं मोबाईल ठेव आणि हँडल नुसतं दोन बोटं डावं, दोन बोटं उजवं करत रहा. मी खाली पोत्यावर पडून हँडलपासून चाकापर्यंतचा एकेक जॉइंट हातात धरत गेलो. वरचं रबर कपलिंग चांगलं. पिटमन आर्म चांगला. ड्रॅग लिंकचा एक एन्ड जरा ढिला, पण किरकोळ. टाय रॉड एन्ड ठीक. आणि डाव्या चाकाशी गेलो तर नकल, म्हणजे चाकाला धरून वळणारा सांधा, वळायच्या आधी बारीकसं तिरकं होतंय, हाताला लागतं, डोळ्याला दिसत नाही. चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, खडखड. सईला म्हणलं ब्रेक दाबून धर. व्हील बेअरिंग असतं तर ब्रेकने चाक नकलला जखडून खडखड गेली असती. नाही गेली. किंगपिन, नकल ज्या खुंट्यांवर फिरतो त्या!

आता इथे प्रत्येक जण एकच सांगतो, वरच्या किंगपिनखालची एक शिम, पातळ चकती, काढा, टाईट होईल. मी पण काढणार होतो. पण टाय रॉड सोडवला आणि नकल नुसत्या हाताने फिरवून बघितला. डावीकडे मऊ, उजवीकडे मऊ, आणि बरोबर मध्यावर आला की टक्क करून खाचेत बसतो. तू असतास तर हात लावल्या लावल्या शिवी दिली असतीस. अरे, गाडी आयुष्यभर सरळच चालते ना, किंगपिनच्या बेअरिंगचे रोलर तिथल्या तिथे हादरे खातात आणि कपाला, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला, खड्डे पाडतात. त्यात ऑईल सील फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी. अशात शिम काढायची म्हणजे रोलर त्याच खड्ड्यात आणखी दाबून बसवायचे. चारही बेअरिंग नवीच घालायला पाहिजेत, कपासकट, सील पण.

आता तुझा विषय. ते लांब शॅकल, स्प्रिंगपाटे चासीला जोडणाऱ्या पट्ट्या! दोन इंच उंच दिसते म्हणून हौसेने टाकलेस, वर कंपनीचे २०५ काढून २३५ चे टायर. पुढचं शॅकल लांब झालं की ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकाव, कमी होतो, आणि कॅस्टर गेला की चाकाला सरळ रहायची इच्छाच उरत नाही, वर तेवढं जड टायर. तेव्हा हे बोललो तर "कॅस्टर-बिस्टर पुस्तकात असतं" म्हणलास आणि मेढ्यापर्यंत तोंड फुगवून बसलास, चहा पण घेतला नाहीस. मी तुझा चहा पण प्यायलो हे तुला अजून माहिती नसेल. किंगपिन काय कधी ना कधी जाणारच, ९८ ची गाडी आहे, पण इतक्या जोरात फडफडायचं कारण तुझे शॅकल आहेत, यावर मी वाद घालणार नाही आणि तू पण घालू नकोस.

फरशीतून येणारी थरथर वेगळी, ती हँडलला नाही, गिअर लिव्हरला लागते. तू मुंबईहून आणलेले ते फ्री व्हील हब, पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडणारे, लॉक ठेवले की सुरू, फ्री केले की बंद, म्हणजे पुढच्या शाफ्टचा क्रॉस, तिथला सांधा, गेलाय. ते होईल निवांत, त्याने कोणी मरत नाही.

काळजी सईची आहे रे. तिला मैत्रिणींबरोबर दापोलीला न्यायचीये, "बाबा आता तर मस्त चालते" म्हणते, आणि तिचं खोटं पण नाही, चालते मस्तच. तिला काय सांगू, मस्त चालते म्हणूनच नेऊ नको? चावी सध्या गव्हाच्या डब्यात आहे. हिला माहिती नाही, दळण टाकायच्या आत दुसरी जागा बघायला पाहिजे.

तुझ्या बदलीचं काय झालं? नागपूरच की पुणे? वहिनींना सांग पापड पोचले, संपले पण. चिन्मयला कुठे ॲडमिशन मिळाली ते कळव, बाकी सगळं भेटल्यावर.

दोन कामं कर. मूळचे शॅकल तू काढून कराडच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत टाकले होतेस, ते आहेत का काकूंना विचार, म्हणजे बेअरिंगबरोबर ते पण परत लावतो. आणि काकांच्या दुकानातला तो हुकाचा स्प्रिंगकाटा असेल तर तो पण, नवीन बेअरिंग बसल्यावर नकल किती जोराने ओढला की फिरतो ते अंदाजाने नको, काट्यावर बघून शिमा ठरवायच्यात. गुरुवारी मी कराडला येतोय. काकूंना आधी फोन करून ठेव, मागच्या वेळी त्यांनी मला भंगारवाला समजून दारातूनच परत पाठवलं होतं.

तुझा,
अव्या